पाठीवरचा कागद

शालन रणपिसे हसू आलं तरच हसायची. हा तसा साधा स्वभाव, पण आमच्या कॉलेजात तो तिला फार महागात पडला.

वाघोलीच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती इंग्रजी शिकवायची आणि मी ग्रंथपाल होते. दोघी राहायला कोथरूडला. सकाळी पावणेसातला कॉलेजची बस यायची आणि पुढचा सव्वा तास आम्ही शेजारी बसून जायचो. अशी अकरा वर्षं. एवढं बोलणं माझं नवऱ्याशीही झालेलं नाही.

शालन पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेली. वडील खडकीच्या कारखान्यात फिटर होते आणि कामगार संघटनेचे चिटणीसही. साहेबापुढे उभं राहून दहा जणांचं म्हणणं मांडायचं, हे त्यांचं नेहमीचं काम. ते तिला सांगायचे, "प्रश्न विचारलास ना, मग आता गप्प बस. समोरच्याचं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही." ती इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, महापालिकेच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं आणि मग आमच्याकडे आली. कोथरूडला फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीच्या चिटणिसांनी तिला जिन्यातच गाठलं होतं.

"रणपिसे म्हणजे कुठले आपण?"

"पुण्याचे."

"नाही, पण मूळचे?"

"मूळचेही पुण्याचेच. आपण?"

गृहस्थ रत्नागिरीचे निघाले. त्यानंतर त्यांनी तिला काही विचारलं नाही.

२००७ साली एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी आमच्याकडे मुलं निवडायला आली. चारशे मुलं बसली, त्यातली सात घेतली. जाताना कंपनीच्या बाईंनी अध्यक्षांना सांगितलं, "मुलं हुशार आहेत, पण त्यांना बोलता येत नाही." अध्यक्ष म्हणजे हिंदुरावसाहेब. मूळचे वाघोलीचे शेतकरी. वडील जिथे ज्वारी पेरायचे, गुरं बांधायचे, तिथेच त्यांनी कॉलेज उभं केलं होतं. माणूस कर्तबगार, पण कंपनीचं नाव निघालं की विरघळायचा.

महिन्याभरात माझं वाचनालय अर्धं कापलं गेलं. संदर्भग्रंथांची कपाटं जिन्याखाली गेली, मध्ये काचेची भिंत उभी राहिली आणि पलीकडे 'कम्युनिकेशन लॅब' झाली. बाकं काढून गालिचा अंथरला, लाल-पिवळ्या खुर्च्या गोलाकार मांडल्या, भिंतीवर हसरे चेहरे चिकटवले. गालिचा मळू नये म्हणून बूट बाहेर काढायचे. बंद खोलीत साठ मुलांच्या मोज्यांचा वास साचायचा आणि तो मारायला तासातासाने गुलाबाचा फवारा मारायचे. दार उघडलं की ते दोन्ही वास एकत्र माझ्या टेबलापर्यंत यायचे. कुजलेल्या हारासारखे.

शिकवायला ऋषी नावाचे एक प्रशिक्षक आले. वय तिशीचं, बाह्या दुमडलेल्या, तोंडावर सदा हसू. दर वाक्यात समोरच्याचं नाव घ्यायचे. "शालन मॅडम, असं आहे, शालन मॅडम." माणसाला स्वतःचं नाव ऐकायला आवडतं असं त्यांना कुणीतरी शिकवलं असावं. शालनचे आठवड्यातले दोन तास त्यांना गेले आणि तिला 'समन्वयक' केलं. म्हणजे हजेरी घ्यायची, स्केचपेन वाटायची आणि मुलांबरोबर खेळात भाग घ्यायचा.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या नावाला त्याच अक्षराचं एक इंग्रजी विशेषण लावून ओळख करून द्यायची होती. 'ऑसम आयुष' झाला, 'पंक्च्युअल पूर्णिमा' झाली. शालनची पाळी आली.

"शालन," ती म्हणाली.

"आणि विशेषण, शालन मॅडम?"

"नाम अपुरं पडलं तर विशेषण लागतं. माझं पुरतं."

मुलं हसली. ऋषी सरही हसले, पण त्यांच्या हातातल्या वहीत काहीतरी टिपलं गेलं.

एक मात्र कबूल करायला हवं. सगळेच खेळ वाईट नव्हते. एकदा त्यांनी जोड्या लावल्या. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं आणि मग ऐकलेलं सगळ्यांना सांगायचं. एक जण गैरहजर असल्यानं मुलं विषम निघाली म्हणून पूर्णिमाच्या जोडीला शालन बसली. ही पूर्णिमा केसनंदच्या पुढच्या वाडीतून यायची. पहाटे उठून चार म्हशींच्या धारा काढायच्या, मग एसटी धरायची. वर्गात तिनं तोवर तोंड उघडलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तिनं शालनला अडलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली. रेडकू आडवं आलं होतं, डॉक्टर पोचत नव्हते, आणि हिनं कोपरापर्यंत हात आत घालून ते वळवलं होतं. शालननं ते वर्गाला इंग्रजीतून सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून म्हणाली, "पुढचं तू सांग. हात तुझा होता."

आणि पूर्णिमा बोलली. अडखळत, चुकत, पण इंग्रजीत बोलली. काचेतून मला साठ माना तिच्याकडे वळलेल्या दिसत होत्या. परतीच्या बसमध्ये शालन मंडईपर्यंत तेच सांगत होती. "अगं, पोरगी बोलली! आणि सगळ्यांनी ऐकलं, शर्मिला." आपण उगाच या खेळांना नावं ठेवली असं त्या दिवशी तिला वाटलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो कागदाचा तास झाला.

प्रत्येकाच्या पाठीवर सेलोटेपनं एक कोरा कागद चिकटवायचा. सगळ्यांनी खोलीत फिरायचं आणि ज्याच्याबद्दल जे वाटतं ते त्याच्या पाठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही. ऋषी सर म्हणाले, "दिल खोल के लिहा. हा आरसा आहे." संगीत लावलं. साठ जण एकमेकांच्या पाठी धरून खिदळत लिहीत होते. मी पुस्तकं लावत होते. काचेपलीकडे पूर्णिमाच्या मागे चार-पाच जण दाटीनं उभे होते आणि एकानं लिहून झाल्यावर नाक चिमटीत धरलं, ते मला दिसलं. मी वर पाहिलं आणि पुन्हा पुस्तकांकडे वळले. मला काय करायचंय, असं मी स्वतःला सांगितलं. हे मी आज लपवत नाही.

मग एकेकानं मध्ये येऊन आपला कागद मोठ्यानं वाचायचा होता. पूर्णिमानं कागद काढला, पाहिला आणि घडी घालायला लागली.

"नो नो, पूर्णिमा," ऋषी सर म्हणाले. "वाचायचं. सगळ्यांच्या डोळ्यांत बघत. आणि चेहऱ्यावर स्माइल."

तिनं वाचलं. दार उघडं होतं, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"शेणाचा वास येतो. प्लीज डिओ वापर. गावठी अॅक्सेंट. बोलू नकोस, डोकं दुखतं. आधी म्हशींना इंग्लिश शिकव. अक्षर सुंदर आहे. रेडकाचा हात धुतलास का?"

पहिल्या वाक्याला थोडं हसू उमटलं, शेवटच्याला खोली फुटली. हसू थांबेपर्यंत ती तशीच उभी होती, कागद दोन्ही हातांत धरून.

"एक्सलंट! आता म्हण, थँक यू फॉर द फीडबॅक."

"थँक यू फॉर द फीडबॅक," पूर्णिमा म्हणाली आणि हसली. तिला सांगितलं होतं म्हणून हसली. तसा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

ऋषी सरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. स्केचपेनचा डबा काखेत धरून शालननंही वाजवल्या.

मधल्या सुट्टीत ती वाचनालयात आली. डबा उघडला, पोळीचा घास मोडला, आणि उठून माझ्या मागच्या बेसिनकडे धावली. तिला उलटी झाली. तोंड धुऊन आली तेव्हा तिनं दोन्ही हात साबणानं परत परत धुतले होते.

"मी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली.

"सगळ्यांनीच वाजवल्या."

"सगळ्यांचं जाऊ दे. माझे हात आपोआप वर गेले गं. कुणी सांगितलंही नाही."

संध्याकाळी घरी तिनं हे मुलीला सांगितलं. ही मुलगी, मैत्री, हिंजवडीला एका कंपनीत होती. दुसऱ्या दिवशी बसमध्ये शालननं मला मैत्रीचं उत्तर जसंच्या तसं ऐकवलं. "आई, आमच्याकडे पण असतं हे. इतकं पर्सनली घ्यायचं नसतं. हसायचं आणि सोडून द्यायचं." शालन म्हणाली, "माझ्या पोटची पोरगी. तिला त्यात काही वाटलंच नाही. उलट माझीच समजूत घालत होती, आणि तीही तशीच, दर वाक्याला 'आई, आई' करत."

पूर्णिमा दुसऱ्या दिवशी आली नाही. आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी शालन मला म्हणाली, "चल," आणि आम्ही वाघोलीहून सहाआसनी रिक्षा धरून तिच्या वाडीला गेलो.

पत्र्याचं घर, शेजारी गोठा. तिची आई बायडाबाई शेण भरत होती. आम्ही कॉलेजातून आलोय म्हटल्यावर तिनं हात पुसत बाज पुढे सरकवली.

"बरं झालं आलासा," ती म्हणाली. "पोरीला काय झालंय बगा तरी. दिसातनं चार बारी अंघूळ करती. गोठ्यात पाय ठिवत न्हाय. धार काडायला म्हनलं तर अंगावर येती. कालिजात कुनी काय बोललं का?"

शालननं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात पूर्णिमाच दारात आली. केस ओले, आणि कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हात लालभडक. भांडी घासायच्या घासणीनं चोळलेले. काही ठिकाणी कातडी निघाली होती. मला बघवेना.

"पूर्णिमा," शालन म्हणाली, "मी माफी मागायला आले आहे. मी तिथे होते आणि मी थांबवलं नाही. टाळ्यासुद्धा वाजवल्या."

पूर्णिमानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण लिहिलं होतं का?"

शालनला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "अक्षर सुंदर आहे, ते माझं."

"मला वाटलंच. बाकीच्यांचं जाऊ द्या. मी तुम्हाला म्हशीचं सगळं सांगितलं. तुम्हाला माझ्यात अक्षराशिवाय काही दिसलं नाही?"

वडिलांनी शिकवल्याप्रमाणे ती समोरच्याचं संपेपर्यंत थांबली होती, पण पुढे बोलायला काही उरलं नव्हतं. बायडाबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं नव्हतं, पण पोरीच्या हातांची अशी दशा व्हायला या बाईही कारण आहेत एवढं कळलं असावं, कारण चहाचं आधण तिनं चुलीवरून उतरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शालन थेट अध्यक्षांच्या खोलीत गेली. ऋषी सर तिथेच होते. आत काय झालं ते तिनं मला लगेच येऊन सांगितलं.

"तो खेळ बंद करा," ती म्हणाली होती. "मुलीनं हाताची सालं काढली आहेत."

"शालन मॅडम, इट्स जस्ट अॅन अॅक्टिव्हिटी," ऋषी सर हसत म्हणाले. "फीडबॅक घ्यायला शिकणं हेच तर स्किल आहे, शालन मॅडम."

"मी साहेबांशी बोलतेय."

हिंदुरावसाहेब टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत होते. "बाई, तुमचं मन मोठं आहे. पण कंपनीला वास चालत नाही. पोरींनी टापटीप यायला काय हरकत आहे?"

"साहेब, याच जागेवर तुमचा गोठा होता. तुम्ही शाळेत जायचात तेव्हा तुमच्या अंगाला येत होता का वास?"

गोळा थांबला. "बाई," ते म्हणाले, "तास चालू असेल तुमचा."

समन्वयकपद तिनं त्याच दिवशी सोडलं. पण त्याआधी त्या दिवशीच्या लॅबच्या तासाला ती गोलाच्या मध्ये उभी राहिली आणि मुलांना म्हणाली, "त्या कागदाच्या तासाला इथे जे झालं ते घाणेरडं होतं. त्यात मीही होते. ज्यांनी लिहिलं त्यांनी मला येऊन सांगावं. मी शिक्षा करणार नाही, मला फक्त ऐकायचं आहे." कुणी हललं नाही. मागून कुणीतरी "चिल, मॅम" म्हणालं.

तास संपल्यावर तो आयुष वाचनालयात तिच्यामागे आला. चांगल्या घरातला, गोरागोमटा, वागायला गोड मुलगा. "मॅम, म्हशींना इंग्लिश शिकव, ते मी लिहिलं होतं. सॉरी."

शालनचा चेहरा जरा सैल झाला. "का लिहिलंस?"

"फन म्हणून. मॅम, एक विचारू? ऑनेस्टीचे मार्क्स धरणार ना यात? लॅबच्या मार्कशीटवर, रिसेप्टिव्हिटीच्या कॉलममध्ये?"

तिनं हजेरीची वही मिटली. मग फक्त "जा" म्हणाली. तो "थँक यू, मॅम" म्हणून हसत गेला. तो मनानं दुष्ट असता तरी मला चाललं असतं. तसा नव्हताच, त्याला खरंच मार्क हवे होते.

वर्षअखेरीच्या मूल्यमापनात शालनला 'परस्परसंबंध' या रकान्यात पाचपैकी दोन गुण मिळाले. शेरा होता, 'इतरांशी जुळवून घेत नाहीत.' लॅब मात्र फोफावली. कागदाच्या खेळाचा फोटो कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत आला: पाठमोरी, हसणारी मुलं.

पूर्णिमा महिन्याभरानं परत आली. शालनच्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसायची, प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची, त्यापलीकडे नाही. शालननं तिच्यासाठी पुस्तकं काढून ठेवली, ती तिनं कधी नेली नाहीत. लॅबमध्ये मात्र ती नियमित जायला लागली. तिचं बोलणं महिन्यामहिन्याला गुळगुळीत होत गेलं. शेवटच्या वर्षी तिला खराडीच्या एका कंपनीनं घेतलं आणि अध्यक्षांनी तिचा सत्कार केला. तिनं तीन मिनिटं इंग्रजीत भाषण केलं. एक शब्द चुकला नाही. त्या भाषणात ती कुठे होती ते मात्र मला सापडलं नाही.

२०१२च्या हिवाळ्यात एका दुपारी आम्हाला वाघोलीच्या स्टॉपवर बायडाबाई भेटली. तिनं शालनला ओळखलं. राग धरलेला नव्हता.

"पूर्णिमा कशी आहे?" शालननं विचारलं.

"बेस हाय. खराडीला खोली घेतलीय. म्हशी इकल्या आमी."

"का?"

"ती म्हनायची, आये, तुज्या लुगड्याला वास येतो, माज्या खोलीवर येऊ नगं. मैतरनी आसत्यात तितं. मग मालकास्नी म्हनलं, टाका इकून." ती हसली. "आता पिशवीचं दूद घेतो. पानचट आसतं. दिवाळीला आली तवा साबनाची पेटी आनली हुती माज्यासाटनं. भारीतली. लई घमघमतो, माजं डोस्कं उटतं, पर लावती. पोरीनं आनलाय न्हवं."

बस आली. आम्ही चढलो. शालन खिडकीशी बसली आणि येरवडा आल्यावर माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मी परत काहीच बोलले नाही बघ तिथे. म्हशी विकू नका, एवढंसुद्धा नाही."

"विकून झाल्या होत्या, शालन."

"ते खरं," ती म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये तिनं राजीनामा दिला. छापील अर्जात कारणाचा रकाना होता, त्यात तिनं एकच शब्द लिहिला: किळस. कार्यालयानं त्यावर पांढरी शाई फिरवली आणि वरून 'वैयक्तिक' असं टंकलं.